परभाषेंतील बिऱ्हाड

घरदार सोडून परमुलखांत गेलेल्या माणसाची हानि मोजावी कशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. घर, जमीनजुमला, पेढी, दागदागिने यांची यादी करतां येते. पुढेंमागें नुकसानभरपाईचा दावा मांडावयाचा झाला तर अशी यादी जोडावीच लागते. परंतु ज्याची सारी मिळकत त्याच्या भाषेंत गुंतलेली आहे, त्यानें त्या यादींत काय लिहावें? कवीनें काय लिहावें, नटानें काय लिहावें, वर्तमानपत्रांत टीका लिहून पोट भरणाऱ्यानें काय लिहावें? त्याच्या भाषेवर कोणी टांच आणीत नाहीं. जकातीच्या नाक्यावर ती कोणी उघडून पाहत नाहीं. ती त्याच्याबरोबर सरहद्दीपलीकडे सुखरूप पोहोंचते, आणि पोहोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं बाजारांत तिला कोणी गिऱ्हाईक मिळेनासें होतें.

हा विचार आमच्या मनांत घोळूं लागला तो जुडिथ केर या लेखिकेच्या तीन कादंबऱ्या ओळीनें वाचल्यावर. 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट' ही पहिली कादंबरी १९७१ सालीं प्रसिद्ध झाली. 'दि अदर वे राउंड' ही दुसरी १९७५ सालीं, आणि 'अ स्मॉल पर्सन फार अवे' ही तिसरी १९७८ सालीं. दुसरीचें नांव पुढें बदलून 'बॉम्ब्ज ऑन आंट डेंटी' असें ठेवण्यांत आलें. पहिली कादंबरी मुलांचें पुस्तक म्हणून जगभर गेली. उरलेल्या दोहोंच्या वांट्याला तेवढा लौकिक आला नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, हीं तीन पुस्तकें मिळून एकच ग्रंथ आहे, आणि तो तसा वाचला तरच त्याचें मर्म हातीं लागतें. एका ज्यू कुटुंबाची बर्लिन ते लंडन अशी परागंदा होण्याची कथा त्यांत आहे हें तर खरेंच. पण एका घरांतील चार माणसांपैकीं परभाषेंत कोणाला घर मिळालें, कोणाला बिऱ्हाड मिळालें आणि कोण अखेरपर्यंत दारांतच उभें राहिलें, हा त्या कथेचा गाभा आहे.

कादंबऱ्यांत पात्रांचीं नांवें बदललेलीं असलीं तरी कथा लेखिकेच्या स्वतःच्या घरची आहे. तिचे वडील आल्फ्रेड केर हे बर्लिनचे नामांकित नाट्यसमीक्षक. त्यांचा जन्म १८६७ सालीं ब्रेस्लाउ शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. 'बर्लिनर टागेब्लाट' या वर्तमानपत्रांतील त्यांच्या परीक्षणांचा नाट्यसृष्टींत मोठा दरारा होता. लहान लहान वाक्यें आणि रोमन आंकडे घालून पाडलेले मजकुराचे तुकडे, ही त्यांच्या लिखाणाची खूण. महाकाव्य, भावगीत आणि नाटक यांच्या पंक्तीला टीका हा चौथा वाङ्मयप्रकार बसविला पाहिजे, असें ते आग्रहानें प्रतिपादीत. नाझी पक्षाची त्यांनीं गद्यांत व पद्यांत यथेच्छ टर उडविली होती. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर चॅन्सेलर झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका पोलीस अंमलदारानें टेलिफोनवरून सूचना दिली कीं, तुमचा पासपोर्ट जप्त होण्याच्या बेतांत आहे. केर तेव्हां तापानें अंथरुणास खिळलेले होते. ते तसेच उठले आणि सरहद्द ओलांडून प्रागला गेले. त्यांचें वय त्या वेळीं ६५ वर्षांचें होतें. मार्चच्या ५ तारखेस निवडणूक व्हावयाची होती. तिच्या ऐन तोंडावर पत्नी युलिया, मुलगा मायकेल व नऊ वर्षांची जुडिथ हीं स्वित्झर्लंडला निघालीं. जर्मनींत त्या वेळीं सुमारें ५ लाख ज्यू होते. त्यांपैकीं सुमारें ३७,००० जणांनीं त्या एका वर्षांत देश सोडला. केर कुटुंब हें त्यांपैकीं एक. पुढें काय वाढून ठेविलें होतें तें पाहतां, आधीं निघालें तें भाग्यवान् ठरलें.

पहिलें पुस्तक लिहिलें गेलें त्याची हकीकत लेखिकेनें सांगितलेली आहे. 'दि साउंड ऑफ म्युझिक' हा चित्रपट मुलांसह पाहून आल्यावर तिचा लहान मुलगा समाधानानें म्हणाला कीं, आई लहान असतांना कसें होतें तें आतां आम्हांला कळलें! त्या चित्रपटांतील गाणीं, डोंगर आणि सुटकेचा थरार यांचा आपल्या बालपणाशीं कांहींएक संबंध नाहीं, हें मुलांना कळावें म्हणून तिनें लेखणी उचलली. म्हणजे या पुस्तकाचा उगम एका खोट्या चित्राचा प्रतिवाद करण्यांत आहे. पुस्तकाचा सारा संयम त्या उगमांतून आलेला आहे असें आम्हांस वाटतें. करुणरसाचा पाट वाहविण्याची संधि पानोपानीं असतांना लेखिका ती घेत नाहीं, कारण जें घडलें तेंच सांगावयाचें अशी तिनें जणूं शपथ घेतली आहे.

नांवांतील गुलाबी ससा हें या संयमाचें उत्तम उदाहरण होय. बर्लिन सोडतांना ॲनाला आपल्या खेळण्यांपैकीं एकच बरोबर घेण्याची मुभा मिळते. जुना, झिजलेला, लाडका गुलाबी ससा घ्यावा कीं नवें कोरें लोकरीचें कुत्रें घ्यावें? सहा महिन्यांत परत यावयाचेंच आहे अशा समजुतीनें ती कुत्रें उचलते. पुढें घरांतील सारें सामान सरकारनें जप्त केल्याचें कळतें, तेव्हां हिटलर आपल्या सशाशीं खेळत असेल असें चित्र तिच्या मनांत उभें राहतें. मालमत्तेची जप्ती ही गोष्ट नऊ वर्षांच्या मुलीला समजावयाची ती एवढ्याच वाटेनें समजेल. आणि प्रौढ वाचकाला त्यांत आणखी कांहीं दिसतें. ससा मागें राहिला तो कोणाच्या जुलमामुळें राहिला नाहीं. तिनें स्वतः दुसरें खेळणें निवडलें म्हणून राहिला. निर्वासिताच्या दुःखांत ही एक बोंच कायमची असते कीं, आपण हातांनीं सोडून आलों.

या पुस्तकावर एक आक्षेप सहज सुचतो, आणि तो अवाजवी नाहीं. ज्या काळांत साठ लाख ज्यूंचा संहार झाला त्या काळाविषयींचें हें पुस्तक इतकें हंसतमुख कसें? यांत सरोवरावरील सहली आहेत, शाळेंतील फजित्या आहेत, वाढदिवस आहेत. बापाच्या शिरावर एक हजार मार्कांचें इनाम लागल्याचें ऐकून ॲनाच्या डोळ्यांपुढें नाण्यांची रास बापाच्या डोक्यावर कोसळत असल्याचें दृश्य येतें. वाचक हंसतो, आणि हंसतां हंसतां दचकतो. आमच्या मतें या आक्षेपाचें उत्तर पुस्तकांतच आहे, आणि त्याचें नांव युलियस काका. हा घरचा स्नेही, प्राणिशास्त्राचा व्यासंगी; त्याची आजी ज्यू होती, एवढाच काय तो त्याचा ज्यूपणा. हें वादळ शमेल, घाई करूं नका, असें सांगून तो बर्लिनमध्येंच राहतो. मग त्याची संग्रहालयांतील नोकरी जाते. मग प्राणिसंग्रहालयांत जाण्याचा त्याचा पास काढून घेतला जातो. जनावरें पाहण्यांत ज्याचा उरलासुरला जीव होता त्याची तीही सोय गेल्यावर तो झोंपेच्या गोळ्या घेऊन आयुष्य संपवितो. हें सारें दूरच्या वार्तेसारखें, मोजक्या ओळींत येतें. छळछावण्यांचें एकही वर्णन नाहीं. एका पासाचा कागद तेवढा आहे. माणसाचें माणूसपण थोडें थोडें, कायदेशीर रीतीनें, एकेका परवान्यानिशीं कसें काढून घेतलें जातें, हें आम्हीं मोठमोठ्या इतिहासग्रंथांत वाचलें होतें. समजलें तें या पासामुळें.

आतां भाषेकडे वळूं. स्वित्झर्लंडमध्यें मुलांना बोली निराळी असली तरी लिहिण्यावाचण्याची जर्मन तीच होती. शिवाय तेथील गांवकरी मुलें त्यांना सहज सामावून घेतात. उतारूंपैकीं एका जर्मन कुटुंबानें मात्र आपल्या मुलांना या ज्यू मुलांशीं खेळण्यास मनाई केली, तेव्हां भाषा एक असल्यानें माणसें एक होत नाहींत, हा पहिला धडा मिळाला. बापाची अडचण वेगळीच. स्विस संपादकांना शेजारच्या बलाढ्य सरकारचा रोष नको होता. म्हणून भाषा कळत असूनही कोणी त्याचें लिखाण छापीना. बिऱ्हाड पॅरिसला हललें. जातांना बाझेल स्टेशनांत हमालानें त्यांना चुकीच्या गाडींत बसविलें. गाडी स्टुटगार्टची, म्हणजे जर्मनींत परत जाणारी! ॲनाच्या नजरेस ती पाटी पडली आणि सामान बाहेर फेंकून सारीं कशींबशीं उतरलीं. एक शब्द वेळेवर वाचतां आला म्हणून साऱ्यांचे जीव वांचले, असा हा प्रसंग आहे. लेखिका त्यावर भाष्य करीत नाहीं. करण्याची गरजही नाहीं.

पॅरिसमध्यें ॲनाला फ्रेंचचा एक शब्द येत नाहीं. शाळेंत ती महिनोनमहिने मनांतल्या मनांत जर्मनमधून भाषांतर करीत बोलते, थकते, रडकुंडीस येते. आणि मग एके दिवशीं भाषांतर करण्यावांचूनच फ्रेंच वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडतें. पोहावयास शिकणाऱ्या मुलाचा पाय तळावरून सुटावा तसा हा क्षण आहे. मॅक्सची तऱ्हा निराळी: फ्रेंच मुलांसारखे कपडे, त्यांच्यासारखी चाल, त्यांच्यासारखे हातवारे; आपण परके आहों हें कोणाच्या ध्यानींही येऊं नये याचा त्याला ध्यास. शेवटीं प्राथमिक शाळेच्या परीक्षेंत ॲनाला प्रवासावर निबंध लिहावयास सांगतात. ती बापाचा प्रवास लिहिते: अंगांत ताप, आगगाडी, सरहद्द, आणि मनांतील भीति. त्या निबंधाला बक्षीस मिळतें.

हा प्रसंग आम्हांस साऱ्या त्रयीचें बीज वाटतो. बापाच्या पलायनाची कथा प्रथम लिहिली गेली ती मुलीच्या हातून, आणि तीही परक्या भाषेंत. ज्या घरांत शब्द हा एका माणसाचा अधिकार होता त्या घरांत तो अधिकार येथें हळूच हस्तांतरित झाला. मुलीला हें कळलेलें नाहीं. बापाला कळलें असावें. पुढें ती मुलगी इंग्रजींत तीन पुस्तकें लिहिणार होती. त्यांचा आरंभ पॅरिसमधील त्या परीक्षेच्या कागदावर झाला होता.

त्याच सुमारास जर्मनींत काय चाललें होतें? १० मे १९३३ रोजीं बर्लिनच्या ऑपेरा चौकांत विद्यार्थ्यांनीं पुस्तकांची होळी केली. एकेका लेखकाचें नांव पुकारून, त्याचा अपराध सांगून, त्याचे ग्रंथ आगींत टाकले जात होते. आल्फ्रेड केर यांचा अपराध कोणता पुकारला गेला? जर्मन भाषा विद्रूप केल्याचा! ज्यानें आयुष्यभर त्या भाषेवांचून दुसरें कांहीं केलें नाहीं, त्याला भाषेचा वैरी ठरवून जाळलें. ऑगस्ट १९३३ मध्यें नागरिकत्व काढून घेतलेल्यांची पहिली यादी निघाली, तींतही त्यांचें नांव होतें. नागरिकत्व जाण्याचें दुःख पासपोर्टवाल्या कोणासही समजेल. पण तुझी भाषा तुझी नव्हेच, असें चव्हाट्यावर सांगितलें जाण्याचें दुःख काय असेल, याची कल्पना आम्हां लिहिणाऱ्यांनीं करून पाहावी.

१९३५ सालीं केर कुटुंब लंडनला आलें. नेपोलियनच्या आईवर केर यांनीं लिहिलेली एक चित्रपटकथा अलेक्झांडर कोर्डा यांनीं विकत घेतली होती. त्या पैशावर हा प्रवास झाला. चित्रपट कधीं निघालाच नाहीं. पहिलें पुस्तक येथें, लंडनच्या स्टेशनावर, आशेच्या सुरांत संपतें. त्याच्या शेवटाकडे इंग्लंडला जाण्यापूर्वीं मुलांना कांहीं दिवस आजीआजोबांकडे ठेवावें असा विचार निघतो, तेव्हां ॲना निकरानें नकार देते. चौघें एकत्र आहों तोंवर निर्वासित असल्याचें तिला जाणवत नाहीं, वेगळें केलें तर जाणवेल, असें तिचें म्हणणें. येथेंच थांबणारा वाचक एक गोड सिद्धान्त घेऊन घरीं जातो: कुटुंब एकत्र असलें म्हणजे कोठेंही घर होतें. लेखिका मात्र थांबत नाहीं. पुढील दोन पुस्तकांत ती हा सिद्धान्त कसोटीला लावते, आणि तो टिकत नाहीं.

दुसऱ्या पुस्तकांत लंडन आहे, युद्ध आहे, आणि निर्वासितांनीं भरलेलें एक स्वस्त हॉटेल आहे. पैसा नाहीं. मॅक्स शिष्यवृत्तीवर शिकून केंब्रिजला गेला आहे, अंतर्बाह्य इंग्रज झाला आहे. आणि १९४० सालीं त्यालाच 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून पकडून आइल ऑफ मॅन बेटावरील छावणींत ठेवतात. ज्या जर्मनीनें त्याला जर्मन मानलें नाहीं, तिच्याच नांवानें इंग्लंडनें त्याला डांबलें. हा विरोधाभास लेखिकेनें कोठेंही भाषण न ठोकतां रंगविला आहे. प्रत्यक्षांत मायकेल केर पुढें वायुदलांत वैमानिक झाले, आणि नंतर इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयांत न्यायमूर्ति. म्हणजे ज्या व्यवसायांत परक्या भाषेंतील एकेका शब्दाचा कीस काढावा लागतो तोच त्यांनीं पत्करला. बहिणीची निवड उलट दिशेची. ॲना दिवसा कारकुनी करून रात्रीं चित्रकलेच्या वर्गाला जाते. चित्राला भाषांतर लागत नाहीं. तीन भाषा बदललेल्या मुलीनें अखेर जिला शब्दच नको अशी कला धरावी, यांत आम्हांस एक खोल संगति दिसते. जुडिथ केर प्रथम प्रसिद्धीस आल्या त्याही १९६८ सालच्या 'द टायगर हू केम टू टी' या चित्रांच्या पुस्तकामुळें.

आणि बाप? तो त्या हॉटेलांतील आपल्या खोलींत बसून लिहितो. जर्मनमध्यें लिहितो. तें छापावयास कोणी नाहीं, आणि इंग्रजी त्याला पुस्तकी येतें, पण लिहितां येत नाहीं. त्याच्या तोंडीं तक्रार नाहीं. चारचौघांत तो तसाच ऐटींत, विनोद करीत वावरतो. नाझी इंग्लंडांत उतरलेच तर आयुष्य सुखानें संपवितां यावें याची मात्र तो गुपचूप तजवीज पाहत असतो. घर आतां आई चालविते, तीही टंकलेखन आणि मिळेल तें काम करून. कोण कोणाला सांभाळणार, हें नातें उलटें झालेलें आहे, आणि दुसऱ्या पुस्तकाच्या मूळ नांवांत तेंच सूचित आहे.

येथें आमची स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आम्हीं इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळविली, आणि गेलीं तीस वर्षें इंग्रजी वाङ्मयच शिकवीत आलों आहों. कांहीं वर्षांपूर्वीं एका परदेशी विद्यापीठांत व्याख्यान देण्याचा योग आला. व्याख्यान बरें झालें. पण शेवटीं एका गृहस्थांनीं थट्टेनें एक तिरकस प्रश्न टाकला. उत्तर आमच्या जिभेवर तयार होतें, चांगलें खमंग होतें. मात्र तें मराठींत होतें. त्याला इंग्रजी अंगरखा चढवीपर्यंत सभा पुढील प्रश्नाकडे वळली. घरीं परतल्यावर तें उत्तर आम्हीं सौभाग्यवतींस ऐकविलें, त्या मनमोकळ्या हंसल्या, आणि आमचें समाधान झालें. दुसऱ्या पुस्तकांतील त्या खोलीचें वर्णन वाचतांना आम्हांस तो प्रसंग आठवला, आणि लाजही वाटली. आमच्या वांट्याला अर्ध्या मिनिटाचें मुकेपण आलें होतें. केरांच्या वांट्याला पंधरा वर्षांचें आलें.

त्यांतही टीकाकाराची स्थिति सर्वांत बिकट, असें आम्हांस वाटतें. कवि कदाचित् एकटा गाऊं शकेल. कादंबरीकार हरवलेला गांव आठवून लिहील. टीकाकाराला मात्र काल रात्रीं तेंच नाटक पाहिलेला वाचक लागतो. तो नट, तो रंगमंच, तो संवाद दोघांच्या कानांत ताजा असेल तरच टीकेच्या अर्ध्या वाक्यांत अर्थ भरतो. केर यांचे शब्द त्यांच्यापाशीं होते. ते शब्द ऐकणारा कान बर्लिनमध्यें राहिला होता.

तिसऱ्या पुस्तकाचा काळ १९५६ सालचा. हंगेरींतील उठाव आणि सुएझचा पेंच एकाच वेळीं पेटलेले. ॲना आतां लंडनमध्यें संसार करीत आहे. वडील हयात नाहींत. बर्लिनमध्यें काम करणारी आई विषारी मात्रा घेते आणि ॲना त्या शहरांत परत जाते. हें पुस्तक मुलांसाठीं नाहीं. आई वांचते, पण मुलीला जें उमगतें त्याला औषध नाहीं. पहिल्या पुस्तकांत ही आई उतावळी, चिडकी, स्वयंपाक न येणारी अशी, कांहींशी हास्यकारक दिसते. ती स्वतः संगीतकार होती, तिनें ऑपेरा रचला होता, हें मुलीच्या नजरेच्या कडेलाच राहतें. बापाच्या मूक दुःखाला सारीं जपत होतीं. जी बोलत होती, धांवत होती, भाडें भरीत होती तिचेंही कांहीं बुडालें होतें, हें कोणी मोजलें नाहीं. तिसऱ्या पुस्तकांत लेखिकेनें ही चूक स्वतःच्या पदरीं घेतली आहे. आपल्याच पहिल्या यशस्वी पुस्तकांतील अन्याय दुरुस्त करण्याचें हें धैर्य विरळा होय.

दोष नाहींत असें नाहीं. दुसऱ्या पुस्तकांत कचेरींतील दिवस आणि चित्रकलेच्या शिक्षकाविषयींचें ॲनाचें प्रेम यांचा विस्तार गरजेहून अधिक आहे. बापाची खोली त्यामुळें मधून मधून नजरेआड होते. तिसऱ्यांत हंगेरी आणि सुएझ यांच्या बातम्या पडद्यासारख्या मागें लोंबत राहतात, कथेंत मुरत नाहींत. शिवाय संपूर्ण त्रयींत नशीब या कुटुंबाच्या बाजूचें आहे. ज्यांना पोलिसाचा टेलिफोन आला नाहीं अशांची कथा ही नव्हे. पण लेखिका तसा दावाही करीत नाहीं, आणि युलियस काका वाचकाला तें विसरूं देत नाहीं.

वडिलांचा शेवट इतिहासांत नमूद आहे. सप्टेंबर १९४८ मध्यें आल्फ्रेड केर वयाच्या ८० व्या वर्षीं हॅम्बुर्गला गेले. त्या रात्रीं ते नाटकाला गेले. खेळ 'रोमिओ अँड ज्युलिएट'चा होता. पंधरा वर्षांनीं जर्मन रंगभूमीपुढें आपल्या जागीं जाऊन ते बसले. त्याच रात्रीं त्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि पुढें ऑक्टोबरांत, पत्नीच्या साहाय्यानें, त्यांनीं स्वतःच आपलें आयुष्य संपविलें. कान परत मिळाला तो एका रात्रीपुरता.

यानंतरची एक घटना मात्र आमच्या दृष्टीनें या त्रयीचें खरें भरतवाक्य आहे. इंग्रजींत लिहिलेलें पहिलें पुस्तक अनेमारी ब्योल यांनीं जर्मनमध्यें उतरविलें. त्याला १९७४ सालीं जर्मन बालवाङ्मयाचें पारितोषिक मिळालें, आणि तें जर्मन शाळांतून वाचलें जाऊं लागलें. ज्या भाषेचा वैरी म्हणून बापाला आगींत टाकलें त्याच भाषेंत त्याच्या पलायनाची कथा मुलें वर्गांत मोठ्यानें वाचूं लागलीं. पण ती त्या भाषेंत लिहिली नव्हती त्याच्या मुलीनें, आणि त्यानेंही. ती दुसऱ्याच्या हातून तेथें पोहोंचली. बर्लिनमध्यें जुडिथ केर यांचें नांव दिलेली एक प्राथमिक शाळा आहे, आणि तींत जर्मन व फ्रेंच अशा दोन भाषांतून शिकवितात, ही गोष्ट कोणा कादंबरीकारानें योजिली असती तर आम्हीं ती फार जुळवून आणलेली म्हटली असती. जुडिथ केर २०१९ सालीं, ९५ व्या वर्षीं, लंडनमध्यें निवर्तल्या.

मराठी वाचकाला ज्यू समाज अनोळखी नाहीं. कोंकणांत तेल गाळणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', म्हणजे बेने इस्रायल, पिढ्यान्पिढ्या मराठीच बोलत आले. १९४८ नंतर त्यांच्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. त्यांना येथून कोणी हांकलले नव्हते. तेव्हां केर कुटुंबाच्या कथेशीं त्यांची कथा जोडणें अप्रयोजक होईल. परंतु तेथें गेल्यावर त्यांनीं 'मायबोली' या नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें, ही एक गोष्ट येथें आठवते. शब्द बरोबर नेणाऱ्यांनीं ऐकणारे कानही बरोबर नेले होते, म्हणून तें नांव तेथें सार्थ झालें.

आज आमच्याही परिचयाच्या घराघरांतून मुलें परदेशीं जात आहेत, तीं स्वखुशीनें आणि विमानानें. त्यांच्या मुलांची मराठी थांबते तेव्हां आपण हळहळतों, आणि दुसऱ्याच क्षणीं त्यांच्या अस्खलित इंग्रजीचें कौतुक करतों. दोन्ही भाव खरे आहेत. या त्रयींत ते दोन्ही आहेत, म्हणून ती आम्ही घरांतील थोरामोठ्यांनीं वाचावी असें सुचवितों. पहिलें पुस्तक मुलांच्या हातीं द्यावें. तीं त्यांत रमतील. त्यांचें वाचून झाल्यावर उरलेलीं दोन आपण वाचावीं, आणि मग त्या लंडनच्या खोलींत लिहीत बसलेल्या म्हाताऱ्या टीकाकाराकडे पुन्हां एकदां पाहावें. त्याची मुलगी तीन भाषांतून चालत गेली आणि अखेर त्याची गोष्ट सांगून आली. त्यानें ती ऐकली असती तर, परीक्षण लिहावयास रोमन आंकडा एक घालून, त्यानें काय आरंभ केला असता, याचें आम्हांस फार कुतूहल वाटतें.